स्थिर प्रवाळ, वाहते पाणी

बेळगावहून आंबोली घाट उतरून मालवणला गेले, की सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ दिसते. एकदा खडकाला चिकटलेला हा जीव पुन्हा जागचा हलत नाही. अन्न आणि प्राणवायू लाटाही आणतात, मळही त्याच नेतात. खडक रचणाऱ्या प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून आमच्या घरच्या खाऱ्या टाकीत केवळ दगड व मासे आहेत. तेथेही दोन पंप समोरासमोर लावून प्रवाह एकमेकांवर आदळवावे लागतात. कोपऱ्यात पाणी थबकले की गाळ बसतो. वीज फार वेळ गेली की मासे वर येऊन धापा टाकतात. आम्हां सीमावासीयांची मुळे येथे घट्ट आहेत. घर मात्र जिवंत राहते ते पुण्याबंगळूरच्या नातवंडांच्या येण्याजाण्याने.