दिवा लागलेला असतानाच मोजा

माझ्या जुन्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा मध्येच लागायचा. गॅरेजमध्ये नेली की सगळे ठीक! बॅटरी बदलण्याचा सल्लाही मिळाला. पण हा दिवा चार्जिंगचा असतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. दिवा लागलेला असताना मोजले, तर १२.३! अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजले होते. गाडी हादरली की संपर्क तुटे.

छातीतली धडधडही अशीच. दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबते, ईसीजी नॉर्मल येतो. म्हणून ‘काहीच नाही’ असे समजू नका. ती कधी सुरू झाली, किती वेळ टिकली, लिहून आणा. गरजेनुसार २४ तासांचा होल्टर लावता येतो. सोबत चक्कर, धाप किंवा छातीत दुखत असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.