पत्त्याचा रकाना

निवासी शाळेत काम करणाऱ्यांना वर्षातील दोन दिवस विशेष जड जातात. एक दिवाळीच्या सुटीचा पहिला दिवस आणि दुसरा उन्हाळी सुटीचा. पेट्या, पिशव्या घेऊन मुले फाटकाशी उभी असतात. कोणाचे वडील येतात, कोणाची आजी, कोणाचा थोरला भाऊ. दुपारपर्यंत आवार शांत होते, पण पुरते रिकामे कधीच होत नाही. दरवर्षी काही मुले मागे उरतात. त्यांचे कोणी नाही, असे नव्हे. आईबाप आहेत, माया आहे. पण मुलाला नेऊन ठेवायचे कोठे, हा त्यांचा प्रश्न असतो. पुढच्या आठवड्यात आपले पाल कोणत्या गावाच्या वेशीवर पडणार, हे त्यांनाही सांगता येत नाही.

संस्थेने मुलांसाठी काय केले, याचा आढावा या स्मरणिकेत इतरत्र आलेला आहे. आम्ही येथे लिहीत आहोत ते शाळेच्या कुंपणाबाहेरच्या एका कामाविषयी. विद्यार्थ्यांच्या बेघर कुटुंबांना हक्काचे घर मिळावे, यासाठी गेली काही वर्षे आम्ही शिक्षक आणि वसतिगृहातील सहकारी धडपडत आलो. हे काम एकट्या शाळेचे नव्हते, आणि एकट्या कोणाच्याही हातून होण्यासारखेही नव्हते.

या बेघरपणामागे मोठा इतिहास आहे. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अनेक जमातींतील माणसांच्या जन्मावरच गुन्ह्याचा शिक्का मारला. पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. तेथे हजेरी द्यावी लागे आणि बाहेर पडायला परवानगी लागे. स्वतंत्र भारतात 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणूनच तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कुंपण निघाले खरे, पण कुंपणाबाहेर यांच्यापैकी बहुतेकांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. जे पूर्वापार गावोगाव फिरत होते, त्यांची भिक्षेकरी आणि खेळकरी कला कालांतराने कोणाला नकोशी झाली, तरी फिरणे थांबले नाही. अनोळखी माणसाकडे गाव संशयाने पाहते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. ती माणसे भिक्षा मागत फिरणारी होती. ‘हा आमच्या गावचा आहे’ असे सांगणारे कोणी नसणे किती महागात पडते, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

घरासाठी शासनाच्या योजना नाहीत, असे नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी माता रमाईंच्या नावाची घरकुल योजना आहे, आदिवासींसाठी शबरी योजना आहे. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 2011 पासून यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. तिच्यात कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि 269 चौरस फुटांचे घर, अशी कल्पना आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातील सपाट प्रदेशात घरकुलासाठी 1,20,000 रुपये मिळतात. ज्यांना जागाच नाही, त्यांना जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाच्या योजनेतून साहाय्य मिळू शकते.

कागदावर इतके सारे असताना पालातले कुटुंब पालातच का राहते? आम्ही अर्ज भरायला बसलो, तेव्हा उत्तर उलगडत गेले. घरकुलासाठी जागा हवी. जागेसाठी गावाची संमती हवी. संमतीसाठी आपण या गावचे रहिवासी आहोत, याचा पुरावा हवा. आणि पुरावा हवा, तर आधी घर हवे. जातीच्या दाखल्याची तऱ्हा आणखी निराळी. विमुक्त व भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांचा जन्म एका तालुक्यात, लग्न दुसऱ्या आणि अंत तिसऱ्या तालुक्यात झाला, त्यांनी कोणत्या दप्तरात आपले नाव शोधावे? पुरावा नसेल, तर गृहचौकशीचा मार्ग आहे, असे आम्हांला सांगण्यात आले. गृहच नसलेल्या माणसाची गृहचौकशी कशी व्हायची, याचे उत्तर मात्र सांगणाऱ्यांकडे नव्हते.

या चक्राला पहिली फट पडली ती शाळेच्या जनरल रजिस्टरमुळे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. त्यामुळे ज्या कुटुंबाची दुसऱ्या कोणत्याही दप्तरात नोंद नाही, त्याची नोंद शाळेत मात्र असते: मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जात, जन्मतारीख. एरवी लेकराला आईबापांकडून गाव आणि पत्ता मिळतो. येथे उलटे घडले. लेकराच्या बोनाफाईडवरून आईबापांची पहिली ओळख कागदावर आली. आधार, शिधापत्रिका, मतदार यादी ही पुढची वाट त्या एका कागदामागून सुरू झाली.

एका कुटुंबाची हकीकत सांगतो. नवरा-बायको, म्हातारी सासू आणि तीन लेकरे. थोरली दोघे आमच्या शाळेत, धाकटे आईच्या पाठीशी. वर्षातले सहा-सात महिने त्यांचे पाल एकाच गावाबाहेर, ओढ्याकाठी असे. बाई भंगार वेचायच्या. कागदपत्रांसाठी एका निवृत्त तलाठ्यांनी आपल्या दुपारी आम्हांला दिल्या. कोणता अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा आणि पोच कशी मागून घ्यायची, हे त्यांनीच आम्हांला शिकवले. कागद जुळले, परंतु गाव जुळेना. ग्रामसभेत विषय निघताच कोणी म्हणाले, “ही माणसं वस्तीला आली की दारातल्या कोंबड्या राहायच्या नाहीत.” विषय तेथेच मिटला.

तो पुन्हा निघाला तो गावातील बचत गटाच्या महिलांमुळे. आम्ही त्यांच्या बैठकीला त्या माउलीला घेऊन गेलो होतो. त्या उंबऱ्याबाहेरच बसल्या. आत या म्हटले, तरी उठेनात. तेव्हा गटातील एक बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि मुलीची चौकशी करू लागल्या. “सहावीला हाय का तुझी? माझीबी सहावीलाच.” बोलणे मुलींच्या गणितावर गेले, मग उवांवर, मग पावसाळ्यात पाल किती गळते यावर. पुढच्या ग्रामसभेत गटाच्या महिला एकत्र येऊन बसल्या. ठराव आमच्यापैकी कोणी मांडला नाही, त्यांनी मांडला. शाळेने केलेली विनंती गावाने ऐकून सोडून दिली असती. शेजारणींचा शब्द गावाला तसा सोडता आला नाही.

त्यानंतरही काम सरळ चालले नाही. गावाकडेला एका शेतकऱ्याने थोडी जागा द्यायचे कबूल केले. साहाय्याच्या रकमेत किंमत बसेना, तेव्हा कमी पडलेले पैसे आमच्या माजी विद्यार्थ्यांनी गोळा केले. घरकुलाचे पैसे हप्त्याहप्त्याने येतात. जोते झाले की एक, पुढचे बांधकाम दिसले की दुसरा. वाळू-सिमेंटचा दुकानदार मात्र पैसे आधी मागतो. बचत गटाने शब्द टाकला, म्हणून त्याने माल उधारीवर दिला. गवंडीकाम आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने केले आणि मजुरी शेवटच्या हप्त्यानंतर घेतली. दोन पावसाळे गेले. तिसऱ्याआधी छप्पर पडले.

ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हाती आला, तेव्हा त्या माउली तो पदरात बांधून शाळेत आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांचे एकच मागणे होते. मुलांच्या नावापुढे पत्त्याच्या रकान्यात आम्ही पूर्वी जे ‘पालावर’ लिहिले होते, तेथे आता घराचा नंबर लिहावा. लिपिकांनी नवा पत्ता नोंदवला आणि त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला.

त्या घराने सारे प्रश्न सुटले, असे आम्ही म्हणणार नाही. वडील अजूनही कामासाठी महिनोन्महिने बाहेर असतात. पण म्हातारी आणि लेकरे मागे एका जागी राहतात. रेशन तेथेच मिळते, लसीकरणाची तारीख चुकत नाही. धाकट्या मुलाचे नाव आम्ही आमच्या पुढच्या वर्षीच्या यादीत धरले होते. ते आले नाही. तो आता गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो आणि संध्याकाळी आजीजवळ जेवतो. आमच्या पटावरचे एक नाव कमी झाले, याचा आम्हांला जेवढा आनंद झाला, तेवढा क्वचितच एखादे नाव वाढल्याचा झाला असेल. शिक्षणासाठी मूल आमच्याकडे यावे, हे योग्यच. पण निजायला जागा नाही, एवढ्याच कारणाने सहा वर्षांच्या लेकराला आईपासून दूर राहावे लागू नये.

सर्वत्र असे घडले नाही. एका गावाने ठराव आजवर केलेला नाही. एक कुटुंब कागदांची वाट पाहून कंटाळले आणि निघून गेले. त्यांची मुलगी आमची शाळा सोडून गेली, ती पुन्हा आली नाही. तिचा दाखला आमच्या कपाटात आहे.

माजी विद्यार्थ्यांना आणि हितचिंतकांना आम्हांला शेवटी एवढेच सांगायचे आहे. आपण शाळेला देणगी देता, त्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. त्याशिवाय एक गोष्ट आपल्या हाती आहे, आणि तिला पैसा लागत नाही. आपापल्या गावी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा भरते. तेथे जाऊन बसावे. वेशीबाहेर पाल असेल, तर त्यातील माणसांची नावे आधी विचारून घ्यावीत आणि ती नावे सभेत घ्यावीत. पहिल्या सभेत कोणी ऐकणार नाही, असे समजून दुसऱ्या सभेलाही जावे. दान देणारा देऊन घरी जाऊ शकतो; शेजाऱ्याला तेथेच राहावे लागते. म्हणूनच गावात शेजाऱ्याच्या शब्दाला वजन असते.