कुंपणावरचा अडुळसा

शेळी ज्याला तोंड लावत नाही ते कुंपणाला लावावं, हा माझा साधा नियम. त्यात अडुळसा पहिला बसतो. पान चावलं की कडू चव जिभेवर रेंगाळते आणि शेळ्या का फिरकत नाहीत ते कळतं. पानांत वासिसिन नावाचं अल्कलॉइड असतं. त्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. कडूपणाला नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

अडुळसा मी बियांवर नाही, फांदीवर वाढवतो. पहिला पाऊस मुरला की जून फांदीची तीन-चार डोळ्यांची कांडी घ्यायची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. दोन डोळे मातीत जाऊ द्यायचे, कारण मुळं तिथूनच जोमानं फुटतात. पाणी मात्र साचता कामा नये. पहिला उन्हाळा पाणी देऊन काढला की पुढे मुरमाड जमिनीतही तो बारमाही हिरवा राहतो.

थंडीत पांढरी फुलं येतात. खालच्या पाकळीवर जांभळट रेघा असतात आणि मधमाश्या तिथेच उतरतात. फुलोरा संपला की गुडघ्याच्या उंचीवर छाटणी करायची. हात आखडता घेतला तर खाली नुसत्या काटक्या, वर पाला आणि कुंपणाला भगदाडं. छाटलेला पाला खताच्या खड्ड्यात जातो.

खोकल्यासाठी रस काढायचा तर कच्ची पानं कुटून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून आयुर्वेदात पुटपाक सांगितला आहे: पानांचा कल्क गोळा करून दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वर मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि मग पिळायचा. घरी मी पानं चाळणीवर वाफवतो. ती काळपट आणि मऊ पडली की फडक्यात पिळतो. हिरवट-तपकिरी रस निघतो, तो मधाबरोबर चमचाभरच घ्यायचा.

गर्भवतीला मात्र अडुळसा देऊ नये, कारण वासिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावतं. खोकला लांबला किंवा कफात रक्त दिसलं तर घरगुती उपाय सोडून डॉक्टर गाठावा.

एवढं पथ्य पाळा आणि येत्या पावसाळ्यात ओळखीच्या कुंपणावरून एक फांदी मागून आणा. कुणी नाही म्हणणार नाही.