गाडीच्या पोटाखाली

आमच्या सव गावाला पाण्याचे नवल नाही. एका अंगाला सावित्री, तिच्या काठाला गरम पाण्याचे झरे आणि जूनपासून चार महिने वरून धो धो. महाड तालुक्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. अशा मुलखात लोखंड कसे जपावे हे आमच्या वाडवडिलांना कोणी शिकवावे लागले नाही. लावणी उरकली की नांगराचा फाळ धुऊन, पुसून, त्यावर तेलाचा हात फिरवून चुलीवरच्या माळ्यावर जाई. आमची आई विळीसुद्धा कधी ओली ठेवत नसे. आणि त्याच घरातल्या आम्ही शहाण्यांनी पतपेढीचे कर्ज काढून पिकअप घेतली, ती दीड वर्ष खाली वाकून पाहिली नाही!

जुलै २०२१ मध्ये महाडला महापूर आला, तो वाचक विसरले नसतील. घरे, दुकाने, गाड्या सारे चिखलात गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही ही जुनी गाडी घेतली. किंमत कमी होती. खालून चासी काळ्या रंगाने नुसती लकाकत होती. आम्हाला वाटले, मालकाने किती निगा राखली आहे! त्या रंगाखाली पुराचा गाळ तसाच होता, हे आम्हाला फार उशिरा कळले.

मे २०२३ मध्ये पासिंगसाठी गाडी पेणला न्यायची होती. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते. त्याआधी पाटे बघून घ्यावेत म्हणून गॅरेजला नेली. मिस्त्रीकाका हातोडी घेऊन खाली सरकले आणि चासीवर ठोकत निघाले. टण्, टण्, टण्, आणि मागच्या पाट्याच्या कमानीजवळ एकदम भद्द. दुसऱ्या ठोक्याला हातोडीचे टोक आत गेले. पापुद्र्यांचा ढीग खाली पडला. काका बाहेर येऊन एवढेच म्हणाले, "यावर तुम्ही माणसं बसवता?"

आम्ही बसवत होतो. लग्नाचे वऱ्हाड नेले होते, मंडपाचे सामान नेले होते, श्रीवर्धनच्या बाजूची मासळी आणली होती. त्या मासळीनेही हातभार लावलाच. पेट्यांतला बर्फ वितळून खारे पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर ठिबके. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते, पण मीठ मिसळले की गंजाचा वेग कितीतरी वाढतो. त्यात गाळ साचून निचऱ्याची भोके बुजलेली. वरून पाऊस थांबला तरी आत ओल महिनोन् महिने राहते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. म्हणून एकावर एक जोडलेल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये तो शिरला की पट्ट्या फुगून अलग होतात. वरचा काळा रंग मात्र तसाच!

मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे घरात होते. गाडी दुरुस्त करावी तर त्याला हात लावावा लागणार. धाकटा भाऊ म्हणाला, "विकून टाकू. पुन्हा एक काळा हात मारला की झालं. आपल्याला तरी कुणी सांगितलं होतं?" खरे सांगायचे तर आम्हालाही ते क्षणभर पटले. गिऱ्हाईकही आले. पोलादपूरकडचा एक तरुण, बरोबर बायको आणि कडेवर पोर. आंबेनळी घाटाने महाबळेश्वरची भाजी, स्ट्रॉबेरी खाली आणायचा त्याचा विचार होता. पैसे पिशवीत बांधून आणले होते. त्याची बायको समोरच्या सीटवर बसून पाहत होती, पोराला हॉर्न वाजवायचा होता. घाटात भरल्या गाडीची चासी तुटली तर काय होईल, ते आमच्या डोळ्यांपुढे आले. आम्ही त्या तरुणाला म्हटले, "दादा, जरा खाली या," आणि त्याचा हात धरून त्या भोकावर नेला. तो काही बोलला नाही. चहा घेऊन गेला. भाऊ आमच्याशी चार दिवस अबोल होता.

मग दुरुस्ती आम्हीच केली. बॅटरीच्या तारा काढून, सडका भाग चांगले लोखंड लागेपर्यंत कापून, तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडला. गंजावरच पत्रा चिकटवून देणारेही मिस्त्री असतात, त्यांच्यापासून सावध राहावे. फीचा पहिला हप्ता उसनवारीवर भागवला. ते उसने फेडायला दिवाळी उजाडली.

उरलेल्या चासीचे काम मात्र घरच्यांनी मिळून केले. आधी निचऱ्याची भोके तारेने मोकळी केली, पोकळ भागात नळी घालून पाण्याच्या दाबाने गाळ काढला. दोन दिवस उन्हात वाळवली. मग तारेच्या ब्रशने सुटा गंज खरवडला. घट्ट बसलेल्या गंजावर बाजारात मिळणारे गंज पालटणारे औषध लावले. ते लावताच तांबडा गंज काळानिळा होऊ लागला. आई बघत होती. म्हणाली, "हे तर हिरड्याचं पाणी!" तिच्या लहानपणी हिरडा उकळून लोखंडाच्या संगतीने काळी शाई करीत. तिचे काही चुकले नव्हते. अशा काही औषधांत हिरड्यात असते तेच टॅनिन असते. त्यावर रेड ऑक्साईडचे दोन हात, मग रंग, आणि पोकळीच्या आत मेणाचा फवारा. सायलेन्सर आणि ब्रेकचे भाग तेवढे वगळायचे.

आमच्याकडे पावसाआधी जळके ऑइल फवारण्याची पद्धत आहे. आम्हीही ते करून पाहिले आहे. चार सरींत ते धुऊन शेतात, विहिरीकडे जाते आणि गाडीची रबरे फुगवते. ते आता बंद केले. त्यापेक्षा मासळीची खेप झाली की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुणे, याने जास्त फरक पडला आहे. पाणी विहिरीचे, मेहनत भावाची.

तो पोलादपूरचा तरुण दोन महिन्यांनी पुन्हा आला, दुसरीच एक जुनी गाडी घेऊन. अजून पैसे दिले नव्हते. भावाने शर्ट काढला, हातोडी घेतली आणि काही न विचारता खाली सरकला. ती गाडी त्यांनी परत केली. तिसरी घेतली.