बर्फाखालचं तळं

शेफील्ड, 2 डिसेंबर 2010

ती. ताईस शि. सा. न.

काल सकाळी पडदा सारला तर परसातलं तळं दिसेचना. रात्रभर बर्फ पडला होता, पायऱ्या, कुंपण, पेरूच्या झाडाएवढं ते सफरचंदाचं झाड, सगळं एकसारखं. बस बंद, शाळा बंद. नात खिडकीला नाक लावून एकच विचारत होती, "आजी, बेडूक कुठे गेले?"

हे तळं लेकीनं तीन वर्षांपूर्वी खणलं. लांबीरुंदीला आपल्या माजघरातल्या सतरंजीएवढं, मधोमध मांडीइतकं खोल. ऑक्टोबरात मी रोज काठावर बसायचे. पाणगोगलगाई, चतुरांची गाळात दबा धरून बसणारी पिल्लं, आणि इथे न्यूट म्हणतात तो पालीसारखा दिसणारा पण बेडकाच्या गोतावळ्यातला प्राणी. हा न्यूट आणि भेक थंडीआधी पाणी सोडून ओंडक्यांखाली, दगडांच्या सांदीत शिरतात. बेडकांचं तसं नाही. माद्या बहुतेक जमिनीवरच दडतात, पण काही नर तळ्याच्या तळाशीच हिवाळा काढतात, म्हणजे वसंतात माद्या पाण्यावर येतील तेव्हा ते आधीच हजर असतात. फुप्फुसं जवळजवळ मिटलेली, श्वास सगळा कातडीतून, पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर.

हे मला ठाऊक होतं, म्हणूनच जीव घाबरा झाला. वर चार बोटं जाड झाकण, खाली श्वास घेणारे जीव. जावयांचा हातोडा घेतला आणि काठावर बसून घाव घालायला लागले. तिसऱ्या घावाला शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून दोन्ही हात वर करून ओरडले. म्हणाले, बर्फावर मारलेला घाव पाण्यातून खाली जातो, गारठून निपचित पडलेल्या प्राण्याला तो हादरा जीवघेणा ठरू शकतो. भोक पाडायचंच असेल तर गरम पाण्याचं पातेलं बर्फावर नुसतं ठेवायचं, बूड आपोआप आत जातं. उकळतं पाणी ओतायचं नाही. मीठ तर नाहीच नाही. पायवाटेवर मीठ टाकलं तरी बर्फ वितळताना ते वाहत तळ्यात येतं, म्हणून आजोबा स्वतः वाळू टाकतात.

मी हातोडा ठेवला, पण दिवसभर हात थरथरत होते. त्या तीन घावांनी कुणाचं काय झालं असेल?

रात्री एका गोष्टीनं धीर आला. होपचं उपकरण आठवतं? दहावीला किती वर्षं शिकवलं मी ते. धातूचं उंच भांडं, मधे गोठण मिश्रणाचं कडं, वर एक तापमापी, खाली एक. बर्फ मासळीबाजारातून आणावा लागायचा, त्याला बांगड्याचा वास यायचा आणि मुलं नाक धरायची. खालचा पारा 4 अंशांवर येऊन थांबायचा आणि वरचा 0 पर्यंत उतरायचा. 4 अंशांचं पाणी सगळ्यात जड, म्हणून ते तळाशी बसतं. गोठायला लागलेलं पाणी हलकं, म्हणून बर्फ वर. 'असंगत आचरण' हा पाच गुणांचा प्रश्न. माझ्या खिडकीखाली आज तेच उपकरण आहे, आणि त्याच्या तळाशी जीव आहेत.

तुझी धाकटी

विंडरमियर, 12 डिसेंबर 2010

ती. ताईस शि. सा. न.

जरा उघडीप मिळाली म्हणून लेकीनं दोन दिवसांसाठी इकडे आणलं. डोंगरातली लहान तळी पांढरीफटक गोठलेली, आणि खाली विंडरमियर मात्र काळंभोर, मोकळं, लाटा मारतंय. एकाच थंडीत दोन्ही. विंडरमियर जवळजवळ 64 मीटर खोल आहे. एवढं पाणी वरपासून खालपर्यंत आधी 4 अंशांवर उतरावं लागतं, तेव्हा कुठे वरचा थर गोठायचा विचार करतो. उन्हाळ्याची ऊब ते पोटात घेऊन बसलेलं असतं. परसातल्या तळ्याची पुंजी ती काय! वारासुद्धा त्याला ढवळतो, तळ 4 अंशांच्या खाली जातो. जावयांच्या कारंज्याचा पंप तळाशी बसवलाय, तो पाणी ढवळून हेच काम करत होता. फोन करून बंद करायला लावला.

इथेच 1929 साली स्थापन झालेल्या फ्रेशवॉटर बायॉलॉजिकल असोसिएशनचं काम वाढलं. नुसत्या गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी माणसांनी या काठावर आयुष्यं घालवली, हे पाहून मला फार बरं वाटलं.

पण माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, भोकाचा. लेकीनं पाँड कॉन्झर्वेशन या संस्थेचं म्हणणं वाचून दाखवलं, आणि ते माझ्या समजुतीच्या अगदी उलट निघालं. भोक पाडून फार फरक पडत नाही. विचार केला तर पटतं. थांबलेल्या पाण्यात हवा अतिशय सावकाश झिरपते, ताटलीएवढ्या भोकातून तळापर्यंत किती पोचणार? थंड पाण्यात मुळात प्राणवायू जास्त मावतो. 25 अंशांना लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या आसपास, 0 अंशांना 14 च्या वर. गारठलेल्या बेडकाची गरजही थोडी. आणि बर्फ काचेसारखा स्वच्छ असेल तर उजेड आत जातो, खालची शेवाळं आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडत राहतात.

घात करतो तो बर्फावर साचलेला भुसभुशीत हिमाचा थर. त्यानं अंधार होतो. वनस्पती काम थांबवतात, तळाची पानं कुजत राहतात, आणि कुजणं प्राणवायू खातं. म्हणजे करायचं ते एवढंच, वरचं हिम झाडून टाकायचं. मी हातोडा शोधत होते तेव्हा झाडू दाराशीच उभा होता.

तुझी धाकटी

शेफील्ड, 30 डिसेंबर 2010

ती. ताईस शि. सा. न.

परत आल्यावर थंडी पुन्हा चढली. 18 तारखेला लंडनचा विमानतळ बंद पडल्याचं तू तिकडे टीव्हीवर पाहिलंसच. रोज सकाळी चहाच्या आधी मी आणि नात तळं झाडायचो. काठावर गुडघे टेकून, लांब दांड्याच्या मऊ झाडूनं. बर्फावर पाऊल ठेवायचं नाही हा तिचा नियम, आणि तो ती मलाच ऐकवायची. झाडल्यावर खाली हिरवट उजेड दिसायचा, बर्फाखाली अडकलेले बुडबुडे दिसायचे. एकदा एक पाणकिडा उलटा पोहत गेला. दोघी कितीतरी वेळ तिथेच बसलो.

नाताळनंतर वितळायला लागलं. परवा सकाळी पाणी मोकळं झालं आणि चार बेडूक वर तरंगताना दिसले. फुगलेले, पाय ताणलेले, पांढुरके.

ताई, याचं कारण मला माहीत आहे, आणि ते हातोड्याहून मोठं आहे. ऑक्टोबरात लेक तळ्यावर जाळी घालणार होती, शेजारच्या झाडाची पानं पडू नयेत म्हणून. मीच घालू दिली नाही. पाण्यावर तरंगणारी ती पिवळी पानं मला फार देखणी वाटली होती. तीच महिनाभर तळाशी कुजली. थोडी पानं हवीच, गाळातले कितीतरी किडे त्यांवर जगतात, पण एवढ्याशा तळ्यात टोपलीभर पानं म्हणजे फार झाली. तळं थंडीतून वाचवायचं काम थंडीआधी करायचं असतं, आणि त्या वेळी मी काठावर बसून कौतुक करत होते.

नातीनं चौघांना सफरचंदाखाली पुरलं. मला रडताना पाहून तिनंच मला घट्ट धरलं. आत्ता जाळ्यानं पानं काढायलाही लेक नको म्हणते, गाळ ढवळला तर उरलेल्यांना त्रास होईल.

तुझी धाकटी

शेफील्ड, 20 मार्च 2011

ती. ताईस शि. सा. न.

पुढच्या आठवड्यात निघते. सामान बांधून झालंय, आणि काल रात्री पाऊस पडून गेल्यावर परसातून आवाज आला. आपल्या बेडकांसारखा दणदणीत नाही, लांबून कुणी मोटरसायकल नुसती चालू ठेवावी तसा घुरघुराट. टॉर्च घेऊन गेलो. सात डोकी पाण्यावर! म्हणजे तळाशी आणखी होते, किंवा बागेच्या कुठल्या तरी सांदीतून चालत आले. सकाळी उथळ बाजूला अंड्यांचा पुंजका, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा, प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका. न्यूटही दिसला.

आपल्याकडे हे सगळं उलट्या ऋतूत घडतं, नाही? तिकडे बेडूक उन्हाळ्याला भिऊन मातीत शिरतो आणि पहिल्या पावसाला वर येतो. मरणाचे महिने वेगळे, दडायची रीत तीच.

म्हणून एक विनंती. दर मे महिन्यात दादा गडी लावून विहिरीचा गाळ एका दिवसात उपसून टाकतात. या वर्षी मी येईपर्यंत थांबायला सांग. कासव आणि मासे आधी पिंपात काढून ठेवू, गाळ अर्धाच काढू, आणि काढलेला एक दिवस विहिरीच्या काठाशीच ओला राहू दे. त्यात कोण कोण आहे ते मला बघायचंय.

तुझी धाकटी