जिंतूरच्या डोंगरवाटा : सायकलीवरून

परभणी म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे सहसा काही उभे राहत नाही. राहिलाच तर रात्रीच्या गाडीतून अर्धवट झोपेत दिसलेला फलाटावरचा पिवळा फलक! ‘बनी तो बनी, नही तो परभणी’ ही म्हण तर आम्ही परभणीकरच पाहुण्यांना हसत ऐकवतो. ज्या गावाने स्वतःची थट्टा स्वतःच करून ठेवली आहे, तिथे सहलीला या म्हणून कोणाला सांगावे?

तरीही सांगतो. फक्त एक अट आहे. मोटारीने येऊ नका. आलात तर ती परभणीतच ठेवा आणि पुढे सायकलीने चला.

जिल्ह्याचा दक्षिण भाग गोदावरीचा. तिला इकडे कोणी गोदावरी म्हणत नाही, ती गंगा. म्हणून जनाबाईचे गाव ते गंगाखेड. नदीकाठची ती काळी, कसदार, सपाट जमीन सायकलीला सोपी. पण सपाटीवर डोळा लवकर कंटाळतो. उत्तरेची गोष्ट वेगळी. परभणीहून जिंतूरच्या सडकेला लागले आणि झरीच्या पुढे दुधना मागे टाकली की जमिनीचा रंग हळूहळू उतरू लागतो. काळीची तांबूस, तांबूसची मुरमाड होते. दुधना आणि पूर्णा या दोन नद्यांच्या मध्ये अजिंठ्याच्या रांगेचे शेवटचे फाटे येऊन विसावले आहेत. त्यांच्याच कुशीत जिंतूर आहे. सह्याद्रीच्या घाटांपुढे या टेकड्या ठेंगण्या. पण सायकलस्वाराला डोंगराची उंची डोळ्यांनी कळत नाही, मांड्यांनी कळते!

मुख्य सडकेवर मालमोटारींची रहदारी फार. ती सडक आपली नव्हे. आपली वाट फाट्याची. आमच्याकडे रस्त्यांची एक उतरंड आहे: सडक, फाट्याचा रस्ता, गाडरस्ता आणि शेवटी पांदण. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि त्यानंतर यातले कितीतरी फाट्याचे रस्ते डांबरी झाले. दिवसातून एस.टी.च्या दोन-चार फेऱ्या, दुधाच्या कॅनची मोटारसायकल, बैलगाडी आणि शेळ्यांचा कळप, एवढीच तिथली वाहतूक. अशा रस्त्याने तासभर गेले तरी घंटी वाजवण्याचा प्रसंग येत नाही.

जिंतूरला मुक्काम करावा आणि दोन दिवसांत दोन फेऱ्या माराव्यात. पहिली नेमगिरीमार्गे येलदरीची. नेमगिरी गावाबाहेर जवळच आहे. टेकडीच्या पोटात जैन लेणी आहेत. बुटक्या दारांतून वाकून आत गेले की समोर एकदम तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती उभ्या राहतात. त्यांतली पार्श्वनाथांची प्रचंड मूर्ती एका लहानशा दगडावर तोललेली आहे. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला तिथला गारवा आधी भेटतो, देव मागून.

तिथून येलदरीकडे रस्ता चढत-उतरत जातो. दोन्ही बाजूंना साग, पळस, सीताफळीची झुडपे आणि बाभळी. एका वळणावर समोरचा डोंगर बाजूला सरतो आणि पूर्णेचे निळे पाणी दूरवर पसरलेले दिसते. हे धरण १९६८ मध्ये पुरे झाले. पायथ्याच्या वीजघराची क्षमता २२.५ मेगावॉट आहे. आकडे काय, कुठेही सापडतात. पण ज्या मुलखात उन्हाळ्यात घागरींच्या रांगा लागतात, तिथे एवढे पाणी एकदम पाहिले की माणूस आपोआप सायकलीवरून उतरतो.

दुसरी फेरी चारठाण्याची. यादवकाळातली मंदिरे, कोरीव स्तंभ आणि बारव यांनी हे गाव भरलेले आहे. जुन्या शिळा घरांच्या भिंतींत, ओट्यांत, पारांत जागोजाग बसवलेल्या दिसतात. सायकलीचा वेग अशा गावाला नेमका मानवतो. मोटारीतून एक मंदिर दिसते. सायकलीवरून वीस दगड दिसतात. तिथून आतल्या रस्त्यांनी दक्षिणेला सेलू गाठले की आगगाडीचे स्थानक आहे. म्हणजे दमलेल्या माणसाला परतीची चिंता नाही.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. निघावे ते दिवाळीनंतर आणि परतावे होळीच्या आत. पावसात काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरत नाही. मग स्वारानेच सायकल खांद्यावर घ्यायची! उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. उलट थंडीत तो कधीकधी पाच अंशांच्याही खाली येतो, तेव्हा पहाटे कानटोपी हवीच. पण आमच्या वाटांचा खरा वैरी बाभळीचा काटा. पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप बरोबर नसेल, तर पुढचा सगळा प्रवास पायी समजावा.

जगात इतरत्रही डोंगराळ आडरस्त्यांवर सायकलीचे प्रेम वाढले. फ्रान्सच्या मध्यभागी असाच एक पठारी, डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या सेंत एतियेन गावी पॉल द व्हिव्ही नावाचा गृहस्थ होऊन गेला (१८५३–१९३०). ‘व्हेलोसिओ’ या नावाने तो सायकलीवर लिहीत असे. चढावर गियर बदलता यावेत म्हणून त्याने हयातभर खटपट केली. त्या काळचे शर्यतवाले याला दुबळेपणा समजत. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत गियर बदलण्याच्या यंत्राला सरसकट परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे, हा त्याचा उपदेश जिंतूरच्या चढावरही तंतोतंत लागू पडतो.

त्याच प्रदेशाच्या दक्षिणेला लोझेर नावाचा जिल्हा आहे. त्याची लोकसंख्या लाखाच्याही आत; युरोपातल्या फ्रान्समध्ये सर्वांत विरळ. तिथले रस्ते शांत आहेत म्हणून दूरदूरचे सायकलस्वार तिकडे जातात. पण ते शांत का आहेत? माणसे पोटासाठी गाव सोडून शहरांकडे गेली म्हणून.

आणि इथेच आमच्या रस्त्यांकडेही जरा निराळ्या नजरेने पाहावे लागते. दिवाळीनंतर जिंतूरच्या डोंगरातल्या एखाद्या तांड्यावरून जा. घरांना कुलपे, ओसरीवर एखादी म्हातारी, अंगणात चार कोंबड्या. मी एकदा पाणी मागायला थांबलो. म्हातारीने तांब्या पुढे केला आणि विचारले,

“यष्टी चुकली का, बाबा?”

“नाही आजी, मुद्दामच सायकलीवर आलो.”

“कामून?”

या एका शब्दाला माझ्याजवळ धड उत्तर नव्हते. मी विचारले, “सगळे कुठे गेले?”

“कारखान्यावर. ऊस तोडाया. आता पाडव्याच्या सुमाराला येतील.”

ज्या शांततेचे मी मनात कौतुक करीत होतो, तिच्यात हाही एक हिस्सा होता. रस्ता रिकामा असतो तो नेहमीच निसर्गाच्या कृपेने नव्हे.

म्हणून सांगतो, या वाटांवर या, पण केवळ एकांत शोधायला येऊ नका. सकाळी दहाच्या सुमाराला या. त्या वेळी आठवी-नववीच्या मुली सायकलींवरून ओळीने शाळेला जाताना भेटतील. कितीतरी जणींच्या सायकली सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या. कॅरिअरला दप्तर, हँडलला डबा, आणि चढ आला की सगळ्या एकदम उतरून गप्पा मारीत चालू लागतात. गावात सातवीपर्यंतच शाळा असली की पूर्वी मुलीचे शिक्षण तिथेच संपे. आता ते पुढच्या गावापर्यंत जाऊ शकते, कारण मध्ये एक बरा रस्ता आहे आणि तिच्या हाती दोन चाके आहेत. आपण हौसेखातर सायकल चालवतो. या मुली आपले आयुष्य पुढे नेत असतात.

हे छोटे रस्ते टिकले पाहिजेत, ते याचसाठी. रुंदीकरणात मोठ्या सडकांच्या कडेची जुनी कडुलिंबे आणि चिंचा गेल्या. रहदारीचा वेग वाढला, पण सायकलीला कड उरली नाही. फाट्याच्या रस्त्याला अजून सावली आहे. तो वेळच्या वेळी दुरुस्त व्हावा, मात्र त्याची महामार्गाशी बरोबरी करू नये, एवढेच मागणे आहे.

बाकी सांगायचे ते हे: माघ महिन्यात आलात तर एखाद्या शेतावर हुरड्याची आगटी पेटलेली दिसेल. बांधावरून कोणीतरी हाक मारील. सायकल बाभळीला टेकवू नका, लिंबाला टेकवा. आणि खुशाल जाऊन बसा.