औंधच्या टेकडीवरची चित्रे

विश्रामबागेत राहणाऱ्याकडे मुंबईचा पाहुणा आला, की त्याला गणपतीचे देवालय दाखवावे, हरिपूरच्या संगमावर न्यावे आणि भडंग बांधून देऊन परत पाठवावे, असा आमच्याकडचा शिरस्ता. पण गेल्या हिवाळ्यात आलेला आमचा भाचा पडला चित्रकलेचा विद्यार्थी! "मामा, इकडं चित्रं कुठं बघायला मिळतात?" त्याने विचारले.

"औंधला चल," मी म्हटले. सांगलीकराच्या तोंडून सातारा जिल्ह्याची शिफारस ऐकून आमच्या सौभाग्यवतीही चकित झाल्या.

सांगलीहून आगगाडी धरली. वाटेत किर्लोस्करवाडी लागते. १९१० साली नांगराच्या कारखान्यासाठी लक्ष्मणराव किर्लोस्करांना तिथला माळ दिला तो औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. आपण त्यांना ओळखतो सूर्यनमस्कारांसाठी. पण हा राजा स्वतः चित्रे काढी. १९१६ सालचे 'चित्ररामायण' त्यांच्याच कुंचल्याचे. रहिमतपूरला उतरून आम्ही एस.टी.ने औंध गाठले.

यमाईच्या टेकडीवर जाताना वाटेतच श्री भवानी संग्रहालय लागते. १९३८ साली बाळासाहेबांनी ते उभारले. आता ते सरकारकडे आहे. आत राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आहेत. सातवळेकर पितापुत्रही आहेत. वेदांचे पंडित म्हणून गाजलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर मुळात चित्रकार, आणि कित्येक वर्षे औंधचेच रहिवासी! त्यांचे चिरंजीव माधवराव तर पुढे नामांकित चित्रकार झाले. रविवर्म्यापुढे आमच्या सौभाग्यवती इतका वेळ रेंगाळल्या, की मला घड्याळ दाखवावे लागले. जरीच्या काठावरचा उजेड छापील तसबिरीत कधी उतरत नाही, हे तिथे उभे राहिल्यावरच कळते.

भाचा मात्र एका लहानशा दगडी शिल्पापाशी खिळला होता. आई आणि मूल. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याचे हे काम. "मामा, हे इथं खेड्यात कशाला? मुंबईला हलवलं तर हजारो लोक बघतील," तो म्हणाला.

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. खेड्यातल्या संग्रहाची देखभाल सोपी नसते, आणि जाणकार इथवर क्वचितच येतात. पण मुंबईला दालनांची वाण नाही. बाळासाहेबांनी हा संग्रह राजवाड्याच्या दिवाणखान्यात कोंडला नाही. देवीच्या वाटेवर मांडला. चित्रासाठी मुद्दाम कुणी चढत नसेल, पण यमाईला लोक चढतातच!

तेवढ्यात दर्शन करून उतरलेल्या दोन बायका आत आल्या. हातात प्रसादाचा नारळ, कडेवर पोर. मूरच्या शिल्पापाशी थांबून एक म्हणाली, "नाकडोळं काढायचं राह्यलंय जणू!"

दुसरीने कडेवरचे पोर सावरले, मान वाकडी करून पाहिले आणि म्हणाली, "राहू दे की. पण लेकराला धरलंय बघ कसं घट्ट."

भाच्याने खिशातून पेन्सिल काढली आणि तिथेच फरशीवर बैठक मारली. आमची शेवटची एस.टी. चुकणार, हे मला तेव्हाच दिसले.